नरक्याला उजवा कौल

लोणावळा,
१८ फेब्रुवारी २०२४

चि. प्रेरणा हीस,
सप्रेम जय भीम व अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. अक्षर पाहून वाटलं, प्रयोगशाळेत हात भाजला की काय. भाजला नसेल तर पुढचं पत्र नीट लिही. फोन मात्र करू नकोस. कानाला यंत्र लावूनही फोनवरचं तुझं बोलणं म्हणजे बोगद्यातली शिट्टी. तुझे बाबा बरे आहेत. रेल्वेतून निवृत्त झाले तरी गाडीचा आवाज आला की घड्याळ बघतात आणि कुठली किती उशिरा आहे ते मला ऐकवतात.

तू मागितलेली नरक्याच्या झाडाची कोवळी पानं मिळणार नाहीत, हे आधी सांगते. काल मुद्दाम वाडीला गेले होते. वाघजाईची देवराई अजून केरबाच्याच राखणीत आहे. केरबा म्हणजे माझा आठवीचा विद्यार्थी. विज्ञानात दोनदा नापास झाला होता. आता डोक्यावर केस उरले नाहीत, तरी मला पाहिलं की उठून उभा राहतो. तुझी मागणी सांगितल्यावर म्हणाला, बाई, माजं काय जातंय, पर वाघजाईला इचारावं लागंल. मग कौल लावला. दोन ओली फुलं देवीच्या दोन अंगांना चिकटवली. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मी बांधावरच थांबले. माझ्या आजोबांना राईत पाय ठेवू देत नसत. मला आता कुणी अडवत नाही, पण मी जात नाही.

डावं पडलं. केरबाने तोंड पाडून सांगितलं की त्याच्या बापाच्या वेळेपासून देवीने कुणाला एक फांदी दिलेली नाही. कशी देईल? कौल लावायचा तो नेहमी उन्हं कलल्यावर. देवीचं तोंड उत्तरेला, डावं अंग पश्चिमेला. तिकडचं ऊन त्याच फुलावर पडतं, ते आधी सुकतं आणि गळतं. देवीचा नकार म्हणजे पश्चिमेचं ऊन. हे मी त्याला सांगितलं नाही. त्या उन्हाने राई राखली आहे, तर राखू दे.

त्याच्या बायकोचं, हिराचं, कळलं असेल. अंडाशयाचा कॅन्सर. पुण्याला ऑपरेशन झालं, आता शिरेतून औषध चालू आहे. औषधाचं नाव मी कागदावर वाचलं आणि केरबाला म्हटलं, अरे, हे तुझ्या राईतल्या नरक्यापासूनच निघतं, माझी भाची त्याच्याच मागे आहे. तो बराच वेळ तो कागद हातात धरून बसला. वाचता येत नसलेला इंग्रजी मजकूरही त्याने वाचला असावा.

तुझ्या कामात अडलंय कुठे ते साध्या शब्दांत लिही. पदवीला वनस्पतिशास्त्र होतं माझं, पण त्याला चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली.

वेळेवर जेवत जा. लोभ आहेच. तो उत्तराच्या अक्षरात दिसू दे.

तुझी,
यशोधरा आत्या


बेंगळुरू,
२७ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास,
सविनय जय भीम. वि. वि.

हे अक्षर चालेल का? चालत नसेल तर लाल शाईने खुणा करून पत्र परत पाठव, शाळेत करायचीस तसं.

पानांचं वाईट वाटलं. त्या झाडात औषधी द्रव्य भरपूर आहे. बाबांनी मागे पाठवलेल्या गळलेल्या पानांतही ते सापडलं होतं. पण एन्झाइम पकडायला जिवंत कोवळं पान लागतं, वाळलेल्यात ती मरून जातात. असो. देवीपुढे आमच्या प्रयोगशाळेचं काय चालणार?

अडलंय कुठे ते सांगते. बाबा कर्जतला गाडीला मागून जादा इंजिन लावायचे ते आठव. गाडी एकटी घाट चढत नाही. मागचं इंजिन तिला वर ढकलतं, लोणावळ्याला सुटतं आणि जसंच्या तसं पुढच्या गाडीसाठी खाली जातं. एन्झाइम म्हणजे तेच इंजिन. झाडातला एक साधा पदार्थ औषध होईपर्यंत अनेक घाट चढतो आणि प्रत्येक घाटाला वेगळं इंजिन. सगळी इंजिनं ओळखता आली तर ती यीस्टमध्ये घालून औषध टाकीत बनवता येईल, एकही नरक्या तोडावा लागणार नाही. आज औषधासाठी जंगलंच्या जंगलं तोडली जातात. पण शेवटाकडच्या एका घाटाचं इंजिन मला सापडत नाही. गाडी तिथपर्यंत येते आणि उभी राहते. चार वर्षं ती तिथेच उभी आहे.

हिराकाकूंना माझा नमस्कार सांग. लहानपणी त्यांनी मला करवंदाच्या जाळीतून ओढून काढलं होतं आणि वर दोन धपाटेही दिले होते. औषध चांगलं आहे. पण किती दिवस लागू पडेल ते कुणीच सांगत नाही.

तुझ्या धाकात राहू इच्छिणारी,
प्रेरणा


लोणावळा,
५ मे २०२४

चि. प्रेरणा हीस,
सप्रेम जय भीम व अ. उ. आ.

मागच्या पत्रातलं अक्षर ठीक होतं. आज माझंच बिघडलं आहे.

हिराचं औषध डॉक्टरांनी थांबवलं. लागू पडत नाही आणि तिच्याने सोसवतही नाही. घरी न्या, खायचं ते खाऊ द्या, आखाड निघाला तर नशीब, असं सांगून मोकळे झाले. दुसऱ्याच दिवशी केरबा लोणावळ्याला आला. पायरीवरच बसला, आत येईना. म्हणाला, बाई, त्यांचं औषध सपलं तर सपलं, झाड तर माज्याकडं हाय. साल काढून काढा देतो.

मी त्याला सगळं सांगितलं. दवाखान्यात मिळतं ते सालीतल्या द्रव्यात फेरफार करून, तोलून-मापून दिलेलं असतं. कच्ची साल म्हणजे विष. तो ऐकत होता, मान हलवत होता. शेवटी म्हणाला, बाई, तुमीच सांगितलं व्हतं ते ह्याच झाडाचं हाय म्हनून. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. वर्गात जो मुलगा काहीच कळलेलं नसताना मान हलवतो, तो मला लांबून ओळखू येतो.

मग मी ते केलं, जे करायला नको होतं. म्हटलं, वाघजाईला विचारल्याशिवाय साल काढणार का? तो चपापला. म्हटलं, आजच विचार, मी येते. मला खात्री होती. चार वाजता राईत पश्चिमेचं ऊन आलं की डावं फूल सुकणार, देवी नाही म्हणणार आणि जे माझ्या शिकवण्याने झालं नाही ते तिच्या नकाराने होणार. आयुष्यात पहिल्यांदा त्या राईत पाऊल टाकलं. केरबाने पुढे होऊन माझ्यासाठी करवंदाची फांदी बाजूला धरली आणि म्हणाला, या बाई, इतकी वर्सं बांदावरच हुबं ऱ्हायला.

फुलं लावली आणि आभाळ आलं. वळवाचं, काळंभोर. ऊन गेलं ते गेलंच. आम्ही वाट पाहत बसलो. थेंब पडला नाही, नुसता वारा सुटला, आणि उजवं फूल पडलं.

केरबा रडला. देवीच्या पायांवर डोकं ठेवून रडला. त्याच्या हयातीतला पहिला होकार. मला म्हणाला, बाई, तुमी आला म्हनून दिला तिनं. आता मी कोणत्या तोंडाने सांगू की कौल खरा नसतो? देवीला विचार, असं म्हणाले ते मीच.

राईत लोखंड नेत नाहीत, म्हणून साल दगडाने ठेचून काढणार आहे. एवढं मात्र ऐकून घेतलं की झाडाच्या भोवती पुरं कडं काढायचं नाही, वरपासून खालपर्यंत सालीची एक उभी पट्टी ठेवायची, नाहीतर झाड मरेल. काढ्याला उतारा काय असतो ते ताबडतोब कळव. फोन केलास तरी चालेल. तुझे बाबा ऐकतील आणि मला लिहून देतील.

तुझी,
आत्या


बेंगळुरू,
९ मे २०२४

ती. आत्यास,
सविनय जय भीम. वि. वि.

फोनवर बाबांना सांगितलं तेच लिहिते, कारण मी ओरडत होते आणि त्यांनी तुला निम्मंच लिहून दिलं असेल. उतारा नाही. उलट्या, जुलाब, लघवीतून रक्त, यातलं काही दिसलं तर उचलून दवाखान्यात न्यायचं, एवढंच. ते द्रव्य पाण्यात नीट उतरतही नाही. एका वाटीत काही नसेल आणि दुसरीत फार असेल. त्या वाटीत काय आहे ते सांगता येणारं माणूस सबंध वाडीत नाही. इथे मी यंत्रापुढे बसून सांगू शकते, पण मग माझा काय उपयोग?

तुझ्यावर मी रागावले होते. आत्या, तू कौलावर भरवसा ठेवलास! नंतर वाटलं, तुझ्या जागी मी असते तर दुसरं काय केलं असतं?

एक गोष्ट मनातून जात नाही. आपल्या पेशींत एक एन्झाइम असतं, ते पेशी वाढताना आतल्या धाग्यांचा पीळ सोडवतं. नरक्याचं विष नेमकं त्यालाच जखडतं. म्हणून कॅन्सरच्या पेशी मरतात आणि म्हणूनच चांगल्याही मरतात. हे एन्झाइम झाडातही असतं. मग झाड स्वतःच्या विषाने का मरत नाही? तर झाडाने आपल्या एन्झाइममध्ये एका जागी जरासा बदल करून घेतला आहे. विष तिथे चिकटत नाही. झाडाला असा बदल करायला किती पिढ्या लागल्या असतील कोण जाणे. हिराकाकूंच्या अंगात तो नाही. केरबाकाकांना हे कसं सांगायचं, ते मला येत नाही. तुला येत असेल तर सांगून बघ.

रागासकट तुझीच,
प्रेरणा


वाडी, ता. मावळ
जून २०, गुरुवार

बाईस केरबाचा शि. सा. न. वि. वि.

बाई, फोनवर तुमाला ऐकू येत न्हाई म्हनून लिवतो. चुका झाल्या तर मारू नका, आता वय झालं.

हिरा लय बरी हाय. पैल्या दिशी काढा बाहिर टाकला, मला वाटलं आता संपलं. पर दुसऱ्या दिसापास्नं काय न्हाई. सकाळी मी सोता चूल पेटिवतो, साल उकळितो, वाटी तिच्या हातात देतो आन मग डेरीला दूध घालाया जातो. येतो तवर वाटी रिकामी. काल भाकर खाल्ली आर्धी. वर मलाच म्हनती, काढ्याच्या वासानं घर हागनदारी केली, चुलीतली राख सुदीक तुमाला काढता येत न्हाई. आसं बोलाया लागली म्हंजी गुन हाय.

झाडाची पट्टी तुमी सांगितली तशी ठिवली हाय. लोखंड लावलं न्हाई. पर शेंड्याची पानं पिवळी पडाया लागली. शेनकाला लावला सालीवर. आनकी काय करावं ते तुमच्या प्रेरणाला इचारा. आन तिला सांगा, देवी आता आपल्यावर खूस हाय, तिला पानं लागली तर येऊन इचारून बग म्हनावं.

एकदा येऊन जावा. हिरा तुमची वाट बगती. कायतरी बोलायचं म्हनती, मला सांगत न्हाई.

तुमचा नापास इद्यार्थी,
केरबा


लोणावळा,
१४ जुलै २०२४

चि. प्रेरणा हीस,
सप्रेम जय भीम व अ. उ. आ.

केरबाच्या पत्राची नक्कल मागे पाठवली होती. तो गुण कशाचा ते आता सांगते.

मी वाडीला गेले तेव्हा हिरा खाटेवर होती. हात काटकीसारखे झाले आहेत, जीभ मात्र शाबूत. केरबा दूध घालायला गेला तशी म्हणाली, बाई, मोरीमागं जाऊन पपई बघून या. मी गेले. पपई होती, बरी वाढलेली, पण खालची माती काळी आणि तोच वास. परत आले तर ती हसत होती. पहिल्या दिवशी एक घोट घेतला, आतडी तोंडाशी आली. दुसऱ्या दिवसापासून वाटी रोज पपईला. भिंतीला धरून मोरीपर्यंत जाते, तेवढं चालणं अजून जमतं.

मी संतापले. म्हटलं, मग त्याला सांगत का नाहीस? तिकडे झाड मरतंय. यावर ती जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत देते. म्हणाली, बाई, लगीन झाल्यापास्नं ह्या मानसानं माज्यासाटी कदी च्याचं आदन ठिवलं न्हाई. आता पाटंचं उटून चूल फुकतोय, डोळ्यात धूर, नाकात पानी, आन वाटी आनून हातात देतोय. ह्ये बगायला मला कॅन्सर व्हावा लागला. ऱ्हायलेत ते दिस बगू द्या मला. मग माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून तिने शपथ घातली, ती असेपर्यंत त्याला सांगायचं नाही. शपथेवर माझा विश्वास नाही, तिलाही ते ठाऊक आहे. तरी घातली.

केरबा परत आला. रिकामी वाटी उचलून त्याने मला दाखवली, एखाद्या मुलाने प्रगतिपुस्तक दाखवावं तशी. मी म्हटलं, छान.

सांगावं तर तिचा शेवटचा आनंद जातो. न सांगावं तर तुझं झाड. दुसऱ्याला हा प्रश्न पडला असता तर मी त्याला उत्तर लगेच सांगितलं असतं.

तुझी,
आत्या


बेंगळुरू,
२२ जुलै २०२४

ती. आत्यास,
सविनय जय भीम. वि. वि.

सांगून टाक, असं पहिल्या कागदावर लिहिलं होतं. तो फाडला. झाड माझं नाही, आणि पपईला पाणी घालणाऱ्या बाईशी मी झाडासाठी भांडू शकत नाही.

गेल्या आठवड्यात एका एन्झाइमवर फार आशा होती. बंगालहून मागवलेल्या नरक्याच्या रोपांतून मिळवलं होतं. गाडी त्या घाटाखाली उभी होती, तिथेच उभी राहिली. आमच्या सरांनी निकाल पाहिला आणि चहा मागवला.

झाडाची पट्टी शाबूत आहे ना, तेवढं कळव. बाकी मला इथून काहीच करता येत नाही.

उगीचच तुझी वाट बघणारी,
प्रेरणा


लोणावळा,
२० ऑक्टोबर २०२४

चि. प्रेरणा हीस,
सप्रेम जय भीम व अ. उ. आ.

हिरा गेल्याचं बाबांनी फोनवर सांगितलंच आहे. गौरी पाहिल्या आणि मग आठवड्याभरात गेली. शेवटी तिला मोरीपर्यंत जाता येईना, तेव्हा तिने केरबाला सांगितलं की आता पुरं, पोटात जागा नाही. पण त्याआधीच, ती खंगायला लागली तेव्हा, केरबाने राखून ठेवलेली पट्टीही काढली होती. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? झाड उभं आहे, पण पानं सगळी गेली. तुझी आशा मोडेल म्हणून कळवायचं इतके दिवस टाळलं, आता कळवते.

सगळे विधी आटोपल्यावर मी वाडीला गेले. केरबा अंगणात बसला होता. मला पाहून उठला. म्हणाला, बाई, डाक्टर म्हनला आखाड निगायचा न्हाई. तिनं गौरी बगितल्या. ते काढ्यानंच ना? माझ्या वर्गात इतकी मुलं शिकून गेली, मी कुणाच्या चुकीच्या उत्तराला बरोबरची खूण केली नाही, अर्धा गुणसुद्धा दिला नाही. त्याच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, व्हय केरबा, काढ्यानेच. माझ्या तोंडून व्हय आलं. त्याचा चेहरा सुटला.

मग म्हणाला, आता ह्ये झाड गेलं, पर वर डोंगराच्या दांडावर दुसरा नरक्या हाय. खालच्या आळीच्या भागुबाईला तोच रोग निगालाय, तिची लेक काल आली व्हती. उद्याच देवीला इचारतो.

दिलेला गुण मी तिथल्या तिथे परत घेतला. त्याला हाताला धरून मोरीमागे नेलं आणि पपई दाखवली. हिरा आता ऐकायला नाही, आणि भागुबाई मुकाट्याने वाटी पिणाऱ्यांतली आहे. सगळं सांगितलं, कुठे ओतायची ते, कधी ओतायची ते. वाटलं होतं तो माझ्यावर ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खाली बसला, ती काळी माती हातात घेऊन हुंगली. म्हणाला, पैल्या दिशी तरी पिली व्हती ना? म्हटलं, एक घोट. मग विचारलं, आन रोज वाटी का घेत व्हती मग? तेव्हा मी त्याला चहाच्या आधणाचं, चुलीचं आणि धुराचं तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

तो हसला ग. हसता हसता त्याचा चेहरा कसा झाला ते मी लिहीत नाही. म्हणाला, लबाड व्हती. मग आत गेला. मला वाटलं, तोंड धुवायला गेला. बराच वेळ येईना म्हणून डोकावले, तर चुलीपुढे बसून फुंकत होता. लाकडं ओली होती, पेटत नव्हती. माझ्यासाठी चहा ठेवत होता. साखर फार झाली होती. मी सगळा प्यायले.

निघताना तो बांधापर्यंत आला. दांडावरच्या झाडाला हात लावणार नाही म्हणाला. कौलही लावणार नाही. देवीने होकार का दिला होता, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर ढगाचं सांगितलं असतं. एवढंच विचारलं, बाई, उद्या भागुबाईची लेक यील. तिला काय सांगू?

मी म्हटलं, विचार करून सांगते. त्याला चार दिवस झाले. पुण्याच्या डॉक्टरांनी भागुबाईलाही घरी न्यायला सांगितलं आहे. तिची लेक रोज संध्याकाळी केरबाच्या अंगणात येऊन बसते आणि अंधार पडला की जाते, असा त्याचा निरोप आहे. तुझ्या इंजिनाचा काही पत्ता लागला असेल तर लिही. नसेल लागला तरी लिही.

तुझी,
यशोधरा आत्या